धृपद धरणारी

विश्वंभरबुवा कवठेकरांना न्यूमोनिया झालाय आणि तापात भ्रम झालाय, ही बातमी शर्वरीला मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत कळली. तिच्या मांडीवर नवा तंबोरा होता आणि तारेखाली ती नाद खुलवणारा जवारीचा दोरा सरकवत होती. बातमी पुरती ऐकून घेऊन ती म्हणाली, "बरं झालं."

"काय म्हणालीस?" दुकानाचे मालक उस्मानचाचा शिकलगार यांनी चष्म्यावरून बघितलं.

"सूर बरा लागला म्हटलं."

सूर अजून लागला नव्हता, हे चाचांना कळत होतं. पण शर्वरी म्हैसाळकर आणि विश्वंभरबुवा ही दोन नावं एका श्वासात घ्यायची नसतात, हेही मिरजेत जन्म काढलेल्या माणसाला कळतंच. त्यांनी हातातलं काम पुन्हा पुढे ओढलं. शत्रूचंही भलं चिंतावं, हे निरूपण शर्वरीनं खुद्द बुवांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की ते तिला हावभावांसकट पाठ होतं. पाठ असणं वेगळं आणि पोटात उतरणं वेगळं.

सव्वीस वर्षांची होईपर्यंत, आठ वर्षं, ती बुवांच्या मागे बसून झांज वाजवायची आणि धृपद, म्हणजे पदाची फिरून येणारी ओळ, धरायची. कीर्तनात बुवा पद सुरू करतात, पदातून निरूपणात शिरतात, निरूपणातून दृष्टांतात, दृष्टांतातून कुठल्या तरी राजाच्या मुदपाकखान्यात. श्रोते तिथं रमले की मागून हलकेच धृपद येतं आणि कितीही लांब गेलेले बुवा त्या ओळीचं बोट धरून परत येतात. कधी पुढचं कडवं जिभेवरून निसटलं, तर ते सापडेपर्यंत मागच्यानं तीच ओळ फिरवत राहायचं, नव्या हरकती घेत, जणू मुद्दामच रंगवतोय. श्रोत्यांना पत्ता लागत नाही. धृपद धरणाऱ्याचा धर्म एकच, ओळ खाली पडू द्यायची नाही.

रामनवमीच्या उत्सवात, भरल्या मंडपात, बुवा दुसऱ्या कडव्यानंतर थांबले. शर्वरीनं ओळ उचलली. एकदा फिरवली, दोनदा फिरवली. बुवा वर बघत उभे. तिनं ती ओळ इतक्या वेळा इतक्या परींनी म्हटली की शेवटी तबला चाचरला आणि मंडपात चुळबुळ सुरू झाली. मग बुवांनी चिपळ्यांचा हात वर करून सगळं थांबवलं.

"धृपद चुकलं," ते हसून म्हणाले. "मन थाऱ्यावर नसलं की असं व्हायचंच. आता मन कुठं असतं ते आमच्या तबल्याला विचारा."

कीर्तनात हसायची मुभा असते, आणि मंडप पोट धरून हसला. तबल्यावर दिनकर होता, लेकुरवाळा, खाली मान घालून वाजवणारा. त्यानं शर्वरीकडे कधी धड मान वर करून बघितलंही नव्हतं. पहिल्या रांगेत शर्वरीचे वडील होते. ते उठले, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि निघून गेले. जयसिंगपूरचं ठरलेलं लग्न त्याच आठवड्यात मोडलं. दिनकर बायकोमुलांसह गाव सोडून गेला. वडील पुढे चार वर्षं जगले, पण मुलीशी एक शब्द बोलले नाहीत; पाणी हवं असलं तर भांडं वाजवायचे. शर्वरीला पुन्हा कुणी कीर्तनाला बोलावलं नाही. विसरले बुवा आणि चुकल्याचा ठपका आला तिच्यावर, हे मिरजेत फक्त तिला ठाऊक होतं. तीस वर्षं ती लोकांच्या तंबोऱ्यांचे सूर लावत आली आणि तीस वर्षं एकच गोष्ट मागत आली: त्या माणसानं त्याच गादीवर उभं राहून ते वाक्य परत घ्यावं.

*

दुसऱ्या दिवशी चाचांची पुतणी दुकानात आली. डॉक्टर शबनम शिकलगार मोठ्या रुग्णालयात मेडिसिन विभागाची प्रमुख होती, पण या दुकानात आली की भुशावर मांडी घालून बसायची.

"काकू, एक ऐकवते." तिनं मोबाइलवर जुनं कीर्तन लावलं. बुवांचा तरणा, खणखणीत आवाज. मग मागून एक बाईचा आवाज आला आणि शबनमनं बोट वर केलं. "हा तुमचा ना?"

"असेल."

"असेल काय. हा आवाज ऐकत इथंच मोठी झाले मी. बुवांचा मुलगा श्रीरंग म्हणतो, कोण होतं आठवत नाही. खोटं बोलतोय. का, ते मी विचारणार नाही. पण तुम्ही आज माझ्याबरोबर चला."

"कशाला? मला बघून ते बरे व्हायचे नाहीत."

"बघून नाही. ऐकून."

शबनमनं मग समजावलं. म्हाताऱ्या माणसाला मोठा संसर्ग झाला की पुष्कळदा मेंदूचा ताल सुटतो. मेंदूच्या निरनिराळ्या जागा एरवी एकमेकींशी सूर जुळवून असतात. तो मेळ सैल पडतो आणि माणसाला भिंतीवर मुंग्या दिसतात, नर्स चोर वाटते, आपण कुठं आहोत ते कळत नाही. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. फुप्फुस बरं होतं, पण हा भ्रम लांबला तर कित्येक माणसं त्यातून पुरती परतत नाहीत. वर्षानुवर्षं यावर नेमकं औषध सापडलं नव्हतं. माणसाला दिवस-रात्र कळू द्या, चष्मा द्या, कानाचं यंत्र लावा, ओळखीच्या माणसाला जवळ बसवा, एवढंच हातात होतं.

"त्यातल्या ओळखीच्या माणसाचा आम्ही पाठपुरावा केला," शबनम म्हणाली. "भ्रमात मेंदूचा आलेख संथ हेलकावे घेतो. पण मधूनच, डोळ्याचं पातं लवावं इतका वेळ, तो जागेवर यायला बघतो. आम्ही तिला फट म्हणतो. त्या फटीत पक्क्या ओळखीचा आवाज पडला तर मेंदू तो धरतो आणि फट रुंदावते. डोक्यावरची टोपी आलेख वाचते आणि नेमक्या फटीतच आवाज कानात सोडते. मी त्या यंत्राला खुंटी म्हणते. तार उतरलेली असते, तुटलेली नसते. पिळायला खुंटी मिळाली की झालं."

"मग बायकोचा आवाज लावा. रेकॉर्डिंगं असतील."

"लावला. त्यांचा स्वतःचाही लावला, मुलाचा लावला. आलेख हलला नाही. हे कीर्तन लावलं, तर ज्या ज्या ठिकाणी मागून तुम्ही येता त्या त्या ठिकाणी उसळला. आठ वर्षं ते भरकटले की तुमचा आवाज त्यांना परत आणत होता. मेंदूला दुसरी वाटच माहीत नाही, काकू. आणि रेकॉर्डिंग लगेच बोथट होतं, तेच तेच ऐकून मेंदू ढिम्म होतो. जिवंत गळा लागतो."

शर्वरीनं तंबोरा बाजूला ठेवला. गादीवरून ज्या आवाजाचं मन थाऱ्यावर नाही म्हणून हसं केलं, त्याच आवाजावाचून आता बुवांचं मन थाऱ्यावर येत नव्हतं. देवाच्या घरी न्याय असतो, हे तिनं ऐकलं होतं. एवढा रेखीव असतो, हे माहीत नव्हतं.

"चल," ती म्हणाली.

*

खाटेवर बुवा नव्हते, बुवांचा सांगाडा होता. हात पांघरुणावर काहीतरी वेचत होते. "रथ आला का? घोडी तहानेली आहेत," असं ते भिंतीला विचारत होते. श्रीरंग उशाशी उभा होता. शर्वरीला बघताच तो चाळिशीचा, पॉलिटेक्निकात शिकवणारा माणूस शाळकरी पोरासारखा आक्रसला.

"ताई, तुम्ही आलात."

"बोलावलं म्हणून आले. तुला मी आठवत नव्हते म्हणे."

त्यानं मान खाली घातली आणि खुर्ची पुढे केली. नजर काही वर केली नाही. बापाची लाज लेकाला वाटतेय, असं शर्वरीला वाटलं, आणि त्याचंही तिला बरं वाटलं.

शबनमनं तिच्यापुढे माइक ठेवला आणि पडद्यावर चार वाक्यं आणली. तुम्ही विश्वंभर कवठेकर. तुम्ही मिरजेत रुग्णालयात आहात. तुम्हाला ताप आला होता, तो उतरतोय. श्रीरंग तुमच्याजवळ आहे.

"एवढंच बोलायचं. मधूनमधून त्यांची जुनी पदं गा, त्यानं फट रुंदावते. पण बोलताना यादीबाहेरचं वाक्य नको. यंत्र बोलणं लिहून घेतं आणि नको ते आलं की आवाज तोडतं."

"एवढं सोवळं कशाला?"

शबनमनं खुर्ची जवळ ओढली. "सुरुवातीच्या चाचणीत एका गृहस्थांपाशी त्यांची भाची बोलत होती. त्यांना बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, मामा, तुमचे भाऊ येऊन भेटून गेले. भाऊ वारून पाच वर्षं झाली होती. मामा बरे झाले आणि आज शपथेवर सांगतात की भाऊ आला होता. निळा सदरा घातला होता, संत्री आणली होती. सदरा आणि संत्री भाचीनं सांगितली नव्हती. फटीत जे पडतं ते मेंदू आपलंच मानतो, काकू, आणि आजूबाजूची भिंतही आपणच बांधून टाकतो. जुनी आठवण तिथं असली तर तीसुद्धा याच मापानं कापून बसवतो. आणि एकदा बसलं की काढायला वाट नाही. शुद्धीवरच्या माणसाला फटी नसतात."

"म्हणजे जे सांगू ते खरं होतं."

"म्हणून खरं तेवढंच सांगायचं," शबनम म्हणाली.

दिवेलागणीला, भ्रम चढतो त्या वेळेला, शर्वरी पहिल्यांदा गायली. तीस वर्षांनी ती रामनवमीची ओळ तोंडात घेत होती. पडद्यावरचा संथ हेलकावा थबकला. बुवांचे वेचणारे हात थांबले आणि उजव्या हाताची बोटं चिपळ्या धरल्यासारखी वळली. मग तिनं सरळ आवाजात सांगितलं, "तुम्ही मिरजेत रुग्णालयात आहात." बुवांनी डोळे फिरवले. घोडी कुठं गेली ते विचारायचं ते विसरले होते.

श्रीरंग हुंदका देऊन बाहेर गेला. शर्वरी मात्र पडद्याकडे बघत होती. ती गात असताना यंत्रानं खाली एकच शब्द लिहिला होता, 'स्वर'. त्याला बोलणं कळत होतं, गाणं कळत नव्हतं. तान, हरकत, लांबवलेला उच्चार आला की ते अक्षरांचा नाद सोडून देई.

ज्यानं कुणी ते यंत्र घडवलं, त्यानं कीर्तन ऐकलेलं नसणार. बोलता बोलता गाण्यात शिरणं आणि गाता गाता बोलून टाकणं, यातच तर कीर्तनकाराचा जन्म जातो. गोष्ट पुढे सरकवायची असली की तो ती दिंडी वृत्तात घालतो, दोन ओळींत राजा वनवासाला जातो. शर्वरीनं त्या रात्री घरी देवापुढे दिवा लावला आणि हात जोडले, पण मागितलं काहीच नाही. मागायचं ते तिला मिळालं होतं. देवाला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, एवढी तिची त्याच्याशी ओळख होती.

दुसऱ्या दिवशी चार वाक्यं झाली, पद झालं, आणि पदाच्या पोटात तिनं हलकेच स्वतःची दिंडी सरकवली:

पदापुढचे मज आठवले नाही,
दोष माझा मी तिच्या शिरी वाही.

मुद्दाम 'मज' म्हटलं, 'मी' म्हटलं. ऐकणाऱ्याला ते दुसऱ्याचं वाटू नये, आपल्याच मनात उमटल्यासारखं वाटावं. बुवांच्या ओठांची हालचाल झाली. पडद्यावर फट उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शबनम कोपऱ्यात आलेखाचे आकडे बघत खुशीत मान डोलावत होती.

"कुठलं पद, काकू? गोड आहे."

"जुनं आहे. कुणी म्हणत नाही आता."

जाताना तिनं बुवांच्या कानाशी, माइक बंद असताना, आपल्यापुरतं म्हटलं, "तुम्ही एका वाक्यात माझा जन्म जाळलात. मला दोन ओळी लागल्या. तुमची बुद्धी मोठी." आणि रोज दिवेलागणीला येत राहिली. तिचा गळा मोकळा होत गेला, चेहऱ्यावर तेज आलं. नर्सा म्हणायच्या, कसल्या प्रेमानं गातात हो काकू.

आठवडा सरता सरता बुवांनी तिच्याकडे नीट बघितलं. "शर्वरी," ते म्हणाले, "तू होय. म्हटलं आवाज कुठून येतोय." आणि त्यांचे डोळे भरून आले. "माझ्याकडून तुझा फार मोठा अपराध झालाय ग."

 ती म्हणाली, "इथं नको. गादीवरून बोला."

*

देवळाच्या मंडपात बुवांचं कीर्तन ठरलं. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस कीर्तनाला उभा राहणार म्हटल्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. शर्वरी पहिल्या रांगेत बसली होती, वडील बसले होते त्याच बाजूला. तिनं ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती. मागच्या बाजूला शबनम आणि उस्मानचाचा होते.

बुवांनी पूर्वरंग, म्हणजे निरूपणाचा भाग, थोडक्यातच मांडला. आवाज थकलेला होता, पण चिपळ्यांचा ठेका पक्का होता. अपराध आणि क्षमा असा विषय निघाला आणि ते थांबले. डोक्यावरची पगडी त्यांनी काढून हातात घेतली. 

"मंडळी, तीस वर्षांपूर्वी याच गादीवरून मी एका लेकीची अब्रू घेतली. तुमच्यातले पुष्कळ जण तेव्हा हसले होते. आज ऐका." आणि डोळे मिटून त्यांनी दिंडी म्हटली:

पदापुढचे मज आठवले नाही,
दोष माझा मी तिच्या शिरी वाही.

तीच चाल. 'नाही'वरची तीच छोटी मुरकी, जी शर्वरीच्या गळ्यात होती आणि बुवांच्या गळ्यात कधीच नव्हती. मग साध्या शब्दांत त्यांनी सगळं सांगितलं. विसरलो मी. ओळ सांभाळली तिनं. माझी फजिती झाकायला मी तिच्यावर आणि दिनकरवर शिंतोडे उडवले. ती दोघं धुतल्या तांदळासारखी होती.

मंडपात बायका पदराला डोळे पुसू लागल्या. शर्वरीच्या शेजारच्या म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला. "मी पण हसले होते ग बाई त्या दिवशी," ती कुजबुजली. शर्वरीला तो हात झटकायचा होता आणि धरूनही ठेवायचा होता. तीस वर्षं उरात धरलेला निखारा थंड होतोय असं वाटलं. मग तिनं सहज मागं बघितलं. शबनम रडत नव्हती. ती शर्वरीकडे बघत होती, आणि नजर हलवत नव्हती. ते जुनं पद कुठलं, ते तिला कळलं होतं.

'उद्या बघू तिचं,' शर्वरीनं मनाशी म्हटलं. आजचा दिवस तिचा होता.

मध्यंतर झालं. पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्या मध्ये कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात. बुवांनी गळ्यात पडलेला हार तसाच काढून शर्वरीकडे पाठवला आणि निरोप दिला की उत्तररंगाचं आख्यान ती करेल. मंडपानं टाळ्या वाजवल्या. ती गादीच्या मागच्या पडद्याआड गेली, तर तिथं श्रीरंग खांबाला टेकून उभा होता. मान खाली होती.

"आता तरी वर बघ," शर्वरी म्हणाली. आज तिला कुणावरही राग धरायचा नव्हता. "सुटलास तू."

"ताई, ते खोटं बोलले."

"कोण?"

"बाबा. गादीवरून खोटं बोलले. का, ते मला कळत नाही. ते विसरले नव्हते."

शर्वरीच्या हातातला हार खाली आला.

"ताप चढला त्या दिवशी अँब्युलन्समध्ये माझा हात धरून त्यांनी सगळं सांगितलं," श्रीरंग भराभर बोलू लागला. "त्या रामनवमीला दुपारी तुमचे वडील आमच्या घरी आले होते. म्हणाले, आठ वर्षं झाली, पोरीला एकदा तरी गादीवर उभं राहू द्या. लोक आधीच बाबांना चिडवत होते, बुवा, मागचा आवाज पुढे आणा म्हणून. बाबांनी तुमच्या वडिलांना चहा पाजला, बघू म्हणाले, आणि संध्याकाळी ओळ मुद्दाम सोडली. तबल्याचं वाक्यसुद्धा दुपारीच ठरलं होतं. बाबा म्हणाले, तिला बोलाव, हे मला माझ्या तोंडानं तिला सांगायचंय, त्याशिवाय मला मरण नको. मग भ्रमच झाला. मला लाज वाटली, ताई. डॉक्टरांनी आवाज कुणाचा विचारलं तेव्हा म्हणून मी खोटं बोललो. पण तुम्ही येत गेलात, ते शुद्धीवर आले, म्हटलं आता सांगतीलच स्वतः. आणि आज गादीवर चढून हे असलं काही."

 शर्वरीला वडिलांचं वाजणारं भांडं ऐकू येत होतं. तिचे वडील तिच्यासाठी मागायला गेले होते. त्यांनी मागितलं म्हणून तिची अब्रू गेली, हे त्यांना त्याच क्षणी, पहिल्या रांगेत बसल्या बसल्या कळलं असणार. ते तिच्यावर रुसून उठलेच नव्हते. तिला तोंड दाखवायची त्यांची छाती झाली नव्हती.

ती तरातरा बुवांपाशी गेली. ते वेलदोड्याचं दूध घेत पाटावर टेकले होते. कपाळाला बुक्का होता आणि चेहरा अंघोळ घातलेल्या लेकरासारखा नितळ होता.

"बुवा, त्या दुपारी माझे वडील तुमच्याकडे आले होते."

"आले होते की. चहा घेतला त्यांनी. कशाला आले होते बरं?"

"माझ्यासाठी गादी मागायला."

"असं होय." बुवांनी प्याला खाली ठेवला. "द्यायला हवी होती ग. तेव्हाच द्यायला हवी होती."

"तुम्ही ओळ विसरला नव्हता. मुद्दाम सोडलीत. तुम्ही श्रीरंगला सांगितलंत."

बुवांनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत ती लबाडी शोधत होती, चोरटेपणा शोधत होती, निदान जुन्या आठवणीचा एखादा कवडसा. काही नव्हतं.

"तापात काहीबाही बडबडलो असेन. नाही ग, शर्वरी, विसरलोच मी. मला लख्ख आठवतंय. दुसरं कडवं संपलं आणि तोंडाला कोरड पडली. समोरच्या समईची एक वात फडफडत होती, तिच्याकडे बघत राहिलो. तू ओळ फिरवत होतीस आणि मी आत चाचपडत होतो, अंधारात कडी शोधावी तसा." त्यांनी दुधाचा प्याला पुन्हा उचलला. "देवाच्या दारात मुद्दाम कोण सोडेल? एवढा वाईट समजत होतीस मला?"

समईची वात तिनं सांगितली नव्हती. कोरडही सांगितली नव्हती. ती भिंत त्यांची त्यांनी बांधली होती, आणि तिच्या आड आता ते सुखानं बसले होते.

श्रीरंग दारात आला होता. "ताई, मी सांगू का सगळ्यांना? चढू गादीवर?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. हा चढेल, सांगेल, आणि हा म्हातारा हात जोडून शपथेवर नाही म्हणेल, आणि ती शपथ खरी असेल. तिचा जन्म जाळणारा माणूस तापात, अँब्युलन्समध्ये, तिच्या नावाचा धावा करत आला होता. तो तिला कबुली देण्यासाठीच आला होता, आणि रोज दिवेलागणीला, गोड गळ्यानं, ओळीमागून ओळ, तिनं त्याला संपवलं होतं. समोर बसला होता तो निराळा कुणी होता. त्याच्या हातून फक्त एक चूक झाली होती, तीही तिनंच त्याला दिली होती. आता सूड घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "कुणाला सांगणार आहेस?"

बाहेर पेटी वाजू लागली. बुवा उठले, तिचा हात धरून तिला गादीपाशी घेऊन आले. ती उभी राहिली. कीर्तनाची गादी नारदाची म्हणतात. तिच्यावर जो उभा राहतो त्याच्या पाया पडतात, बापानं लेकीच्या आणि गुरूनं शिष्येच्या पडायचं, आणि उभ्या राहिलेल्यानं ते नाकारायचं नसतं, कारण तो नमस्कार त्याचा नसतोच. अख्ख्या मंडपादेखत ऐंशी वर्षांचे विश्वंभरबुवा गुडघे टेकून वाकले आणि त्यांनी तिच्या पावलांकडे हात नेले.

हे दृश्य तिनं तीस वर्षं रोज मनात बघितलं होतं. तिनं झटकन पाय मागं घेतले.

बुवांचे हात सतरंजीवर पडले. त्यांनी गोंधळून वर बघितलं. पहिल्या रांगेतली म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बघा हो, एवढं सोसूनसुद्धा पाया पडू देईना. केवढा विनय." आणि मंडपभर टाळ्या सुरू झाल्या, थांबेनातच. शर्वरी त्या टाळ्या संपायची वाट बघत, पाय मागं घेतलेली, तशीच उभी राहिली.